किती भाकऱ्या?

मराठी घरात वजनाचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला भाकरी विरुद्ध पोळी हा खटला उभा राहतो. गहू वाईट, ज्वारी चांगली. ज्वारी बरी, पण नाचणी तिच्याहून बरी. भात तर नकोच, आणि खायचाच असेल तर हातसडीचा. मग सुट्टीवर आलेला एखादा भाचा सांगतो की हे सगळे एकाच माळेचे मणी, धान्यच बंद करा, अंडी-पनीर खा, तीन महिन्यांत कंबर उतरते. त्यावर आजी विचारते, ‘अरे, मग जेवायचे काय?’ भाचा हसतो. हसण्यासारखे त्यात काही नाही. आपल्याकडे जेवणाच्या नावाखाली जे पोटात जाते त्यातले बहुतेक धान्य असते. बाकीचे तोंडी लावणे. कर्बोदके कमी करा असे सांगणाऱ्या प्रत्येकाने आधी आजीला उत्तर द्यायला हवे.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात या विषयावरून घराघरांत पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित, दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांचे ऋण मानून, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवा असे सांगत गावोगाव व्याख्याने देत होते. ऋजुता दिवेकर दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खा, घरचे खा, तूप-भाताला भिऊ नका असे सांगत होत्या. दोन्हीकडे निष्ठावंत अनुयायी, दोन्हीकडे उतरलेल्या किलोंचे दाखले. एकाच घरात सून दर दोन तासांनी खाणारी आणि सासरे दोनदाच खाणारे, अशीही कुटुंबे होती. स्वयंपाकघराचे काय होत असेल ते विचारू नये. वाद वेळेचा होता. किती वाजता, किती वेळा, किती मिनिटांत. ताटात काय किती पडते हा मुद्दा त्या धुरळ्यात मागे राहिला आणि आता वेळेची जागा धान्याच्या जातीने घेतली आहे. मुद्दा अजून मागेच आहे.

म्हणून ताटच एकदा जवळून पाहू. १०० ग्रॅम कणकेत साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे कॅलरी असतात. ज्वारीच्या पिठातही तेवढ्याच. बाजरीत कमी नाहीत, तांदळात किंचित जास्त. पिष्टमय भाग गव्हात आणि ज्वारीत ६५ ते ७० ग्रॅमच्या घरात, तांदळात पंचाहत्तरीच्या पुढे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक, बाजरीत लोह चांगले, ज्वारीत तंतू चांगले. हे गुण खरेच आहेत आणि त्यासाठी ही धान्ये खावीतही. पण ऊर्जेच्या हिशेबात पोळी सोडून भाकरी धरणे म्हणजे उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात ठेवणे.

आता तीन भाकऱ्यांचे जेवण घ्या. हातावर थापलेल्या मध्यम भाकरीला साठ-पासष्ट ग्रॅम पीठ लागते. तीन भाकऱ्यांचे झाले दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे ६५० कॅलरी आणि १३० ते १४० ग्रॅम कर्बोदके. शेवटी वाटीभर भात हवाच, नाहीतर जेवण झाल्यासारखे वाटत नाही. शेजारी वरण असते. पण ते कसे? पळीतून धार धरली तर तळाशी वाटीची नक्षी दिसेल असे. त्या वाटीत डाळ जाऊन जाऊन पंधरा-वीस ग्रॅम, तिच्यातून प्रथिने मिळतात तीन ते चार ग्रॅम. एका अंड्यात सहा असतात. भाजी म्हणजे बटाट्याच्या काचऱ्या असतील तर ती पुन्हा पिष्टाचीच भरती. कोशिंबीर सणासुदीला. असे हे ताट, आणि त्यावर चर्चा चालते की भाकरी ज्वारीची होती की गव्हाची पोळी होती.

ही चर्चा निरर्थक आहे असे निव्वळ ताट बघून म्हणता आले असतेच, आता देशव्यापी पाहणीही तेच सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीतले आहाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. आपल्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. जगात हे प्रमाण बरेच वरचे. त्यातला मोठा भाग पांढरा तांदूळ, दळलेले धान्य आणि साखर यांचा. भाकरीच्या अभिमान्यांनी वाचावे असे पुढेच आहे. कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्यांचे पीठ आले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. मात्र एकूण ऊर्जेतली ५ टक्के कर्बोदके काढून तिथे डाळी, दूध-दही, अंडी किंवा मासे यांतली प्रथिने आली, तर धोका कमी दिसला. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. तिच्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. पण निदान दिशा तरी कळते.

ज्वारीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मंगळवेढ्याची माणसे रागावतील, आणि त्यांच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा त्यांचा राग अधिकृत ठरेल. दोष धान्याचा कमी आणि गिरणीचा जास्त. अख्खा दाणा पचायला वेळ लागतो. त्याचे मऊसूत पीठ केले की पिष्ट झटपट सुटते आणि रक्तातली साखर भराभर चढते. आपल्याला मात्र पीठ बारीकच हवे, कारण जाडसर दळले तर भाकरी थापताना कडेला फाटते. जुन्या पिठाचीही तीच तऱ्हा, त्याची विरी गेलेली असते. पूर्वी याच ज्वारीच्या कण्या शिजवत, ताकात घालून खात. त्यात दाणा भरडलेला असे, पीठ झालेला नसे. सोलापूर-मराठवाड्याकडे कण्या अजून आहेत, पण पाहुण्यांपुढे त्या कुणी ठेवत नाही. पुण्या-मुंबईतल्या उपाहारगृहात ‘मिलेट बोल’ म्हणून त्याच आल्या तर चारशे रुपये मोजले जातील, ही गोष्ट वेगळी.

अख्ख्या धान्याची बाजू घेणाऱ्यांचा पुरावा कच्चा आहे असे मुळीच नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांचा जो मोठा आढावा छापला, त्यानुसार दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू पोटात जाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण ठळकपणे कमी आढळले. पण हा आढावा ज्या अभ्यासांवर उभा आहे, त्यातले बहुतेक अशा देशांतले जिथे ताटात मांस, मासे, चीज मधोमध आणि पाव कडेला असतो. तिथे पांढऱ्या पावाच्या जागी भुऱ्या पावाचे दोन तुकडे आले म्हणजे सुधारणाच. आपल्याकडे मधोमध धान्यच आहे. तो निष्कर्ष उचलून ‘म्हणून चौथी भाकरी बिनधास्त घ्या’ असा अर्थ काढला, तर तो ओटागोकरांचा दोष नव्हे.

बाजाराने मात्र तो अर्थ आपल्यासाठी आयता काढून ठेवला आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, केंद्राच्या अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हणून आसन मिळाले आणि वर्षभरात दुकानांत नाचणीची बिस्किटे, ज्वारीचे पफ, मल्टिग्रेन चकल्या यांची रांग लागली. पाकीट उलटून पाहावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हा नियम आहे. पुढच्या बाजूला नाचणीचे कणीस आणि मागच्या यादीत पहिला मैदा किंवा गहू, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी कुठेतरी मिठाच्या अलीकडे, हे दृश्य विरळा नाही. ज्या शेतकऱ्याच्या नावाने हा उत्सव झाला, त्याची ज्वारी काढायला माणसे मिळत नाहीत आणि कडब्याचे पैसे सुटले तरच हिशेब जमतो. तो या पाकिटावर कुठेच नाही.

आता भाच्याकडे वळू. धान्य सोडले की वजन उतरते, हे खोटे नाही. लंडनमधल्या विल्यम बँटिंग नावाच्या स्थूल गृहस्थाने पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवले आणि १८६३ मध्ये त्यावर पत्रिका छापली. ती हातोहात खपली. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांनी त्याच धाग्यावर पुस्तक काढले. आज ‘कीटो’ म्हणून जे चालते, त्याचे मूळ १९२०च्या दशकातल्या अपस्माराच्या उपचारांत आहे. म्हणजे हे नवे नाही, आणि पुरते फसवेही नाही. पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो उतरतात आणि ज्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यात मात्र पाणी बरेच असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते; धान्य थांबले की साठा आटतो आणि पाणी निघून जाते. खाणे पूर्ववत झाले की तेही परत येते.

उरलेल्याचे काय? स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर आणि सहकाऱ्यांनी ६०९ माणसांचे दोन गट करून वर्षभर पाहिले. एका गटाने कर्बोदके कमी केली, दुसऱ्याने स्निग्ध पदार्थ. २०१८ मध्ये आलेला निकाल: पहिल्या गटाचे सरासरी वजन ६ किलोंनी उतरले, दुसऱ्याचे ५.३ किलोंनी. फरक नगण्य. इन्शुलिन कसे स्रवते किंवा जनुके कोणती, यावरून कुणाला कोणता आहार लागू पडेल हेही ठरेना. प्रत्येक गटात कुणाचे वजन वीस-पंचवीस किलोंनी उतरले होते, तर कुणाचे चढले होते. दोन्ही गटांना एक सूचना समान होती, तिच्याकडे कुणी फारसे पाहत नाही: साखर आणि मैद्यासारखे पदार्थ टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवलेले खा. कॅलरी मोजायला कुणालाच सांगितले नव्हते. ती सूचना नेमाने पाळणाऱ्यांचे खाणे आपसूक कमी झाले. यात कर्बोदकांची बाजू हरली की जिंकली, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी आधीच ठरवलेले असते.

वजनाचा काटा आपल्याला तसाही पुरेसा खरा बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची आकडेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छायाचित्रासह छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर दोघेही सडपातळ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या खेड्यांत १९९०च्या दशकापासून जो अभ्यास केला, त्यात हे जन्मापासूनच दिसले: तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५, पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि अवयवांचे वजन, त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा शरीरात किलो उतरवण्याचा अर्थ स्नायूच उतरवणे असा झाला तर मिळवले काय? म्हणून आपल्यासाठी काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक उपयोगाची; पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईचा ८०च्या आत. आणि म्हणूनच नुसते धान्य काढून ती जागा रिकामी ठेवणे हा उपाय नव्हे. (साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना न विचारता भाकरी सोडूच नये, औषध तेच आणि पिष्ट निम्मे झाले तर घेरी येऊन पडण्याची वेळ येते.)

जागा भरायची कशाने, हे ठाऊक नाही असे कोण म्हणेल? मटकीची उसळ, दाटसर पिठले, घट्ट वरण, ताक नव्हे तर दही, शेंगदाण्याचा कूट, सुकट, अंडी, बोंबील. मराठी स्वयंपाकात यांची वाण नाही. तीन भाकऱ्यांच्या दोन करायच्या, आणि वाटीतली उसळ दुप्पट. एवढ्या साध्या गोष्टीचे पुस्तक होत नाही आणि शिबिरही भरत नाही. शिवाय ते महाग पडते.

बीडहून साखर कारखान्याच्या फडावर गेलेला ऊसतोड कामगार पहाटेपासून मोळ्या वाहतो. त्याच्या चार भाकऱ्या दुपारपर्यंत जळून गेलेल्या असतात. त्याला लो-कार्बचा उपदेश करणे हा क्रूर विनोद झाला. त्याचा मुलगा पुण्यात एखाद्या संकुलाच्या फाटकावर बारा तास खुर्चीत बसतो. डब्यात भाकऱ्या चारच असतात, कारण भूक भागवायला सर्वांत स्वस्त तेच आहे. चाळिशीच्या आत त्याची साखर वाढते, आणि दवाखान्यात त्याला सांगतात की भात सोडा, भाकरी खा. तो म्हणतो, भाकरीच खातो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की धान्यातून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांवर जाऊ नये आणि डाळी, अंडी, मांस यांतून १५ टक्क्यांच्या आसपास यावी. संस्था केंद्र सरकारची. रेशनही केंद्र सरकारचेच. देशातल्या ८० कोटींहून अधिक माणसांना त्यावर दरमहा माणशी ५ किलो धान्य फुकट मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे. त्यावाचून अनेक घरांत चूल पेटणार नाही. पण मिळतो तो गहू आणि तांदूळ. मध्यंतरी काही ठिकाणी ज्वारी आली, तिचे कौतुक झाले. डाळ मात्र या हक्कात नाही. दुकानात तूरडाळ किलोला शंभराच्या खाली क्वचित दिसते. पोट भरायला फुकटचे आणि स्नायूंना लागते ते विकतचे, अशा व्यवस्थेत वरण पातळच होणार. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीपासून ‘आनंदाचा शिधा’ वाटला, त्यात शंभर रुपयांत किलोभर चणाडाळ होती. सोबत रवा, साखर आणि पामतेल. म्हणजे त्या डाळीचेही पुरणच होणार होते.

शाळेतल्या ताटाची कथा याहून बोलकी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला; जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे. विरोध झाला, तो पोषणावरून नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधी थांबला. पाककृतींची यादी आली, तीत पुलाव, मसालेभात, खिचडी अशी तांदळाचीच बहुसंख्या. कडधान्ये आहेत, पण बरीचशी भातात मिसळून. अंडा पुलाव ऐच्छिक. तो करायचा असेल तर खर्च लोकसहभागातून उभा करावा, असे शाळांना कळवण्यात आले. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत मुले पाठवणारे पालक कोण, हे मंत्रालयाला ठाऊक आहे. त्यांच्यातले बहुतेक दर महिन्याला रेशन दुकानापुढे पिशवी घेऊन उभे असतात.